पंख्यावरचं भांडण

शनिवार, दिवेलागणीला

अरविंद जाऊन वर्ष होत आलं. त्याचे सगळे व्हिडिओ त्यानेच घरी जोडलेल्या सर्व्हरवर, म्हणजे साठवणीच्या कॉम्प्युटरवर आहेत, आणि व्हिडिओ चालू असताना त्या सर्व्हरच्या डिस्क मध्येच दिसेनाशा होतात. भोसरीचा दुरुस्तीवाला म्हणतो, "आजी, भंगारात घाला." आजी म्हणे! मेल्या, डिस्क ठणठणीत आहेत, त्या जोडणारं कार्ड तापतंय. हात लावला तर चटका बसतो, तुला कसं कळत नाही?

आज झाकण काढून कार्डावर टेबलफॅन सोडला. व्हिडिओ न तुटता चालला. त्यात अरविंद शाल गुंडाळून म्हणत होता, "अगं, बंद कर ना तो पंखा, थंडी वाजते."

जन्मभर पंख्यावरून भांडलो. आज लगेच बंद केला असता रे. पण पंखा थांबला की तूही थांबतोस.