हल्लू, पण थांबायचं न्हाई

बाळानगर, हैद्राबाद
ता. ९ मार्च १९८३

तीर्थरूप आबास लिंबाजीचा सप्रेम जयभीम.

याही पत्रात तुम्ही तेच लिहिलं, की माझा पाय एका जागी ठरत न्हाई. आबा, या खेपेला तुमचं खरं निघालं.

इथं टायटॅनियम नावाचा धातू कापायलोय. लोखंडाहून हलका, पण लई हट्टी. त्याला कापायचं हत्यार परदेशी, वर सोनेरी मुलामा. घासून जी आग होते ती धातूत शिरत न्हाई, हत्याराच्या धारेतच बसते. सोमवारी मी घाईनं मशीन पळवली. धार जळाली, धातू तिला चिकटला अन् हत्यार मोडलं.

आमचे फोरमन मस्तानसाब ओरडले न्हाईत. म्हणले, "बेटा, जल्दी नक्को. रुकना भी नक्को. रुका तो खाली घिसता." म्हंजी थांबलं की हत्यार कापत न्हाई, नुसतं घासतं. तिफणीमागं चालताना तुम्ही मला हेच सांगत होता. आणखी एक मोडलं तर मला काढतील. काल दिवसभर हल्लू चालवलं, धार शाबूत राहिली.

कापताना वरून दुधासारखं तेलपाणी सारखं सोडावं लागतं. ते वाहताना बघून माझंच तोंड कोरडं पडतं. आई अजून विहिरीत उतरून वाटीनं हंडा भरती काय? तिला उतरू देऊ नका.

मागच्या मनिऑर्डरीवर मी सवयीनं जिल्हा उस्मानाबाद लिहिला, म्हणून ती उशिरा आली. आता लातूरच लिहितो.

मोडलेल्या हत्याराचे पैसे पगारातून कापले. दर महिन्याला शंभर धाडतो, या खेपेला साठ रुपये.