हेडफोनमधली याडी

तांडा, पुसेगाव
जानेवारी २००६

प्रिय प्रेमदास भिया,

हे पत्र रूमवरच्या पोरांसमोर फोडू नकोस. एकटा बस आणि मग वाच. फोन केला असता तर तुला तोंडानं काहीतरी बोलावं लागलं असतं, आणि ते तुला जमणार नाही हे मला आता कळलंय. घरात आपण गोरमाटी बोलतो, पण कागदावर माझ्याकडून मराठीच उतरते, म्हणून मराठीत लिहिते, फक्त 'आई'च्या जागी याडीच येते. याडीबद्दल लिहायचंय. मी चार वर्षांची असताना ऊसतोडीच्या टोळीत वारलेल्या आपल्या याडीबद्दल. महिन्याभरापूर्वी मी तिला हिंगोलीत गाताना ऐकलं. पोरीला याड लागलं, असं लगेच म्हणू नकोस. आधी पुरतं वाच.

घरचं सगळं बरं आहे. बाचा गुडघा थंडीत धरतो, पण ऐट कमी होत नाही. शिरड शहापूरकडच्या तांड्यातलं माझं स्थळ पक्कं झालं ते तुला कळलंच. होळी झाली की लग्न. म्हणून आत्या रोज दुपारी मला ढावलो शिकवायला बसते. निघताना नवरीनं आईपासून सुरुवात करून एकेकाच्या गळ्यात पडायचं, नाव घेऊन गात रडायचं, ही काय शिकवायची गोष्ट आहे का रे? ज्यांना आई असते त्यांच्या ते कानातच असतं. मला काही जमेना. आत्या वैतागली, म्हणाली, "अगं बाई, तू रडून राहिलीस का भाजी इकून राहिलीस?" मी तिच्यावर चिडले आणि उठून गेले. गळ्यात पडायला आईच नाही, तर सूर कुठून आणू?

आता तुझ्या जपानीचं ऐक. गेल्याच्या गेल्या दिवाळीला तू मला हिंगोलीला ओमप्रकाशभाऊंच्या नेट कॅफेत नेलंस आणि म्हणालास, जपानी शीक, पुण्यात भाषांतराला माणसं मिळत नाहीत, फी नको न् मास्तर नको, सगळं इंटरनेटवर फुकट आहे. मला वाटलं, भिया पुण्याला जाऊन बावचळला. पण तुझा शब्द मोडवेना. कॉलेज सुटलं की मी प्लायवूडच्या त्या खुराड्यात जाऊन बसायला लागले. ओमप्रकाशभाऊ हसायचे, "या निलमताई, तुमचं जपान उघडून ठेवलंय." एका साइटवर अक्षरावर क्लिक केलं की एक बाई ते बोलून दाखवायची. दुसरीवर कांजीची चित्रासारखी अक्षरं आपोआप काढली जायची. पडद्यावर हात नाही, पेन नाही, तरी एकेक रेघ हळूहळू उमटायची, आणि शेवटची रेघ झाली की थोडं थांबून सगळं पुसलं जायचं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी खुर्ची मागं सरकवली होती. मग सवय झाली. वर्षभरात मला छोटी छोटी वाक्यं वाचता यायला लागली आणि मी स्वतःवरच खूश होते.

ह्या दिवाळीला तू आलास आणि आणखी एक साइट लावून दिलीस. म्हणालास, "आशियातल्या लोकांच्या अभ्यासाची हाय. सावकाश बघ. घाई न्हाई." मान खाली घालून म्हणालास. तेव्हा मला काहीच वाटलं नाही.

त्या साइटवर नकाशे होते, जुने फोटो होते, आणि एका कोपऱ्यात निरनिराळ्या देशांतले आवाज साठवलेले होते. भारताच्या पानावर मी एकेक अक्षर लावत गेले, बा, न्, जा, रा, आणि मोठ्यानं ओरडलेच. जपानच्या पानावर आपण! ओमप्रकाशभाऊ गल्ल्यावरून उठून आले. खाली लिहिलं होतं ते शब्दकोश उघडून वाचलं, तर 'मयतावर रडण्याचं गाणं' असं निघालं. मला हसू आलं, म्हटलं बघू तरी. पाव तास ते उतरत होतं. मग कुत्रं भुंकलं, वारा घुमला, बांगड्या वाजल्या, आणि एक बाई गायला लागली. मयताचं नव्हतंच ते भिया, ढावलो होता. बाहेरच्या माणसाला नवरीचं रडणं आणि मयताचं रडणं सारखंच ऐकू येत असेल.

बाई म्हातारी नव्हती, तरणीही नव्हती. आईचं नाव घेतलं, बापाचं घेतलं, भावाचं घेतलं. आणि मग तिनं लेकीचं नाव घेतलं. मला सांग, सासरी निघालेल्या नवरीला लेक कुठून आली? कुठल्या ढावलोत लेकीच्या गळ्यात पडतात? ती म्हणत होती, निलम, तुला झोपेत सोडलं ग, निलम, तू मागं धावलीसुद्धा नाहीस.  नेमकी तेव्हाच वीज गेली. भर दुपारचं लोडशेडिंग. पंखा थांबला, सगळे पडदे काळे झाले, आणि तरीही एक क्षणभर माझ्या कानात ती गातच होती. हेडफोन काढून मी टेबलावर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले. पुन्हा कानाला लावायचा धीर होईना.

मी स्वतःला समजावलं की निलम नावाच्या पोरी काय कमी आहेत. दोन दिवसांनी हापशावर भांडी घासताना ती चाल नकळत माझ्या तोंडून निघाली. बायकांचे हात थांबले. पुंजाजीची म्हातारी भरलेली घागर टाकून माझ्यापाशी आली आणि विचारलं, "ही चाल तुला कोणं दिली? शेवटाला असा हुंदका तुझी याडी पारू द्यायची. दुसरं कोणीच न्हाई देत." मी म्हटलं, कॉम्प्युटरवर ऐकली. तिनं माझ्यावरून मीठ उतरवलं आणि म्हणाली, "मेलेलं माणूस गाऊन राहिलं तर आपण कानात बोटं घालावी, लेकरा." बाकीच्या माझ्याकडे बघत होत्या, पण एकीनंही तोंडाला पदर लावून हळहळ केली नाही. घाबरलेल्या बायका अशा बघतात का? त्या पकडल्या गेल्यासारख्या बघत होत्या.

मला याडीचं फार आठवत नाही. आठवतंय ते तिच्या मयताचं जेवण. टोळी परत आली, बानं सांगितलं की ती तिकडंच तापानं गेली, तिकडंच जाळली. सगळ्या तांड्याला लापशी घातली. तू नऊ वर्षांचा, तिकडून आलास तोच टक्कल करून. मला ते गुळगुळीत डोकं फार आवडलं होतं, मी सारखी हात फिरवत होते आणि तू मला हुसकावतही नव्हतास. रडतही नव्हतास. लोक म्हणाले, पोरगं दगड झालं. दरसाल दिवाळीला बा चुलीतल्या निखाऱ्यावर पितरांचा घास टाकतो तेव्हा तिचं नाव घेतो, आणि तू उठून बाहेर जातोस. मला वाटायचं, तुला धूर सोसत नाही.

मग मी ते गाणं रोज ऐकायला लागले. आणि रोज एका जागी, हुंदक्याच्या आधी, लांब कुठंतरी मोबाईल वाजायचा. आधी मला वाटलं, कॅफेतल्या कुणाचा तरी आहे. मी हेडफोन काढून इकडंतिकडं बघायची, तर सगळे गप बसलेले. चौथ्या-पाचव्या वेळी कळलं की तो गाण्याच्या आतच वाजतोय. भिया, याडी गेली तेव्हा आपल्या मुलखात मोबाईल कुणी पाहिला होता? मेलेल्या बाईच्या जवळ फोन वाजतोय! मी आवाज मोठा केला, डोळे मिटले. लेंगीची चाल होती, होळीतली. तू पहिला फोन घेतलास तेव्हा एकेक बटण दाबून बसवलेली, मधला एक सूर चुकलेला. मी हजारदा सांगितलं होतं की तो दुरुस्त कर, आणि तू हजारदा म्हणालास, राहू दे, लगेच ओळखू येतो.

आला ना ओळखू. तू तिथं बसला होतास. ती माझं नाव घेऊन रडत होती आणि तू दोन हातांवर बसला होतास.

त्या रात्री मी तुला इतक्या शिव्या दिल्या की आता लिहायलाही लाज वाटते. सकाळी उठून कॅफेत गेले. पानाच्या तळाला, गाणं टिपून घेणाऱ्या मोरिता नावाच्या बाईचा ई-मेल पत्ता होता. वर्षभर शिकलेलं सगळं जपानी पणाला लावून मी चार ओळी लिहिल्या, आणि खाली नाव लिहिलं. त्यांच्यात 'ल' नाही, म्हणून मी तिथं नीरामु. आठवड्यानं उत्तर आलं. शहाणी बाई. एकही कांजी न घालता, मला वाचता येतील अशा साध्या अक्षरांत लिहिलं होतं. पहिलीच ओळ: उतात्ता हितो वा गेन्की देस. म्हणजे, गायली ती बाई ठणठणीत आहे. 'गेन्की' तर मी पहिल्याच धड्यात शिकले होते, कसे आहात, बरी आहे. तोच शब्द पडद्यावर होता आणि मला तो वाचवेना. पुढं लिहिलं होतं, तिनं आम्हाला गाव सांगू दिलं नाही, फक्त लेकीनं विचारलं तर सांगा म्हणाली, आणि तुमचं नाव गाण्यातलंच आहे. खाली गाव होतं. इथं लिहीत नाही, तुला माहीत आहे. पैनगंगेच्या पल्याड, भिया! एवढंच! तिथली माणसं हिंगोलीच्या बाजाराला येतात. एखाद्या पालापाशी तिच्या शेजारी उभी राहून मी मेथी घेतली असेल, आणि तिनं मला ओळखून मान वळवली असेल.

मी बाला हे लगेच सांगितलं नाही. पण गेल्या आठवड्यात लग्नाचे कपडे घ्यायला तो हिंगोलीला आला तेव्हा मी त्याला कॅफेत नेलं, खुर्चीवर बसवलं, फेटा सरकवून कानाला हेडफोन लावला. बानं थोडं ऐकलं आणि झटकन मागं वळून पाहिलं, खुर्चीच्या मागं. तिथं भिंत होती. ही कोण, असं त्यानं विचारलंच नाही. हेडफोन काढला आणि अगदी हळू म्हणाला, "जेवण घातलंय तिचं. पंचांनी ठरवलं, तांडा जेवला. जेवण घातलेलं माणूस पुन्ना जित्तं होत न्हाई." मी म्हटलं, बा, ती पल्याड आहे. तर म्हणाला, "गेलेली बाई मेलेली असती. प्रेमदासनं माज्या पायाला शिवून आन घेतली, तोंडातून काढणार न्हाई. तू तिकडं पाय टाकलास तर तुजंबी जेवण घालीन." चिडून नाही रे म्हणाला.  बाहेर येऊन त्यानं माझ्यासाठी हिरवी साडी घेतली, भाव न करता.

ती का गेली, कुणासोबत गेली का एकटीच, मला माहीत नाही. बाचा हात कसा उठायचा ते आपण दोघांनीही सोसलंय. तुझ्यावर मी रागावले होते, खोटं कशाला बोलू. पण नऊ वर्षांच्या पोराकडून आन घेऊन त्याचं टक्कल करतात आणि जित्या आईचं जेवण त्याच्यासमोर वाढतात, हे डोळ्यांपुढं आलं आणि माझा राग गळून गेला. आन तोंडाची होती. तू तोंड उघडलं नाहीस. पुण्यात कुठंतरी भेटलेल्या मोरिताबाईंना तिच्यापर्यंत नेलंस, आणि मला वाचता यायला लागेपर्यंत वर्षभर थांबलास. एवढा लांबचा वळसा घेऊन कुणी बहिणीला निरोप पाठवतं का रे? माझ्या खुळ्या, माझ्या गुणाच्या भिया!

आता पत्र कशासाठी, ते सांगते. उद्या सकाळच्या गाडीनं मी जातेय. हे पत्र हिंगोली स्टँडवरच्या पेटीत टाकेन आणि पुढची गाडी धरेन. लग्न मोडेल, शिरडचा मुलगा बिचारा भला आहे, त्याला माझ्या वतीनं दोन शब्द सांग. मला भीती वाटतेय. बा बोलला तसं करणारच, त्याला दुसरं काही येत नाही. आठ-दहा दिवसांत तुला निरोप येईल की निलम गेली. ताप म्हणतील, साप म्हणतील, काय म्हणतील ते पंच ठरवतील. तू घाबरू नकोस. पहिल्या गाडीनं ये, बाला एकट्याला सोडू नकोस, कारण तो खरंच रडेल. माझं जेवण होईल, सगळा तांडा पंगतीला बसेल आणि सगळ्यांना ठाऊक असेल, पण कुणी बोलणार नाही. तुला मी कसलीही आन घालत नाही, भिया. पंगतीत उभा राहून मोठ्यानं सांगावंसं वाटलं, तर खुशाल सांग.

तुझीच,
निलम