तारेचं वळण

९ सप्टेंबर १९८४
बाईकडे टीव्ही आला. वच्छलाबाई, माझी थोरली बहीण, सक्करदऱ्याला मुलाजवळ राहते. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू — नजर दिवाळीपर्यंत टिकली तर टिकली. म्हणून रुपरावने घाईने घेतला. "आई एकदा पाहून तं घेईल, मामा." गच्चीवरच्या अँटेनापासून तार मी ओढणार. तीस वर्षं वायरलेसच्या वर्कशॉपात दुसरं केलं काय?

११ सप्टेंबर
ही जाड तार कोपऱ्यावर मोडून चालत नाही. मधे तांब्याची तार, भोवती पांढरं अस्तर, त्यावर जाळी. अस्तर दबलं की चित्र बिघडलं. तुपाच्या डब्याभोवती हळूहळू वळवतो, मग भिंतीला बसवतो. बाई शेजारी बसून होती. लहानपणी शाळेतल्या कविता मी तिला म्हणून दाखवायचो, अडलो की पुढची ओळ ती द्यायची. आज तार वळवता वळवता एक म्हटली, तर आजही मीच अडलो. ती नाही.

१४ सप्टेंबर
चित्र आलं, पण प्रत्येक माणसाशेजारी त्याची सावली. खिडकीजवळचं वळण आवळलं गेलंय. सोडवलं.
रुपराव म्हणतो, "मामा, तार हाय का सुनेचा दागिना? किती दिवस घडवणार?"
बाईनेच त्याला गप्प केलं. "करू दे गा त्याले. तुले काहून घाई?"
घाई तर तिच्याच डोळ्यांची आहे. तिला कसं सांगू?

१५ सप्टेंबर
सीताबर्डीला बस चुकली. गेलो नाही. तिचा एक दिवस माझ्यामुळे वाया.

१८ सप्टेंबर
सावली गेली. चित्र स्वच्छ — कोणी गाणारी होती, नाकातली चमकीसुद्धा दिसत होती. बाईला समोर बसवलं.
"दिसते का वं, बाई?"
"दिसते तं. साफ दिसते."
रुपराव आनंदाने पेढे आणायला धावला. तो गेल्यावर तिने माझा हात चाचपून धरला.
"पोळ्यापासूनच काही दिसत नाही, वामन. पोराने एवढ्या हौसेनं आणला, कसं सांगू त्याले? अन् या तारेपायी तू रोज येऊन राहिला होता."
म्हणजे त्या दिवशी, कविता म्हणताना, ती माझ्या तोंडाकडे नाही, आवाजाकडे पाहत होती.


१९ सप्टेंबर
खिडकीजवळचं नीट बसलेलं वळण आज मुद्दाम पुन्हा सोडवलं. रुपरावला सांगितलं, नीट बसलं नाही, अजून पुष्कळ दिवस लागतील.