पहिल्या ओढीला ‘गो’, दुसऱ्या ओढीला ‘वेन्ट’

प्रिय हेटी,

मी पास झालो. हे वाक्य सगळ्यात आधी लिहायचं ठरवूनच बसलो, नाहीतर मी हवापाण्यावर पान घालवतो हे तुला माहीत आहे. इंग्रजीची परीक्षा, तिसऱ्या खेपेला. रेल्वेने उमेदवारीवर घेतलंय, सोमवारपासून यॉर्कला सिग्नलचं काम शिकायचं. आई ही बातमी सांगत गल्लीभर फिरली. शेवटच्या घरात तर त्यांनीच ती तिला सांगितली.

तुझी युक्ती कामाला आली. चर्चच्या मनोऱ्यात घंटेचा दोर पहिल्यांदा ओढताना ‘गो’, दुसऱ्यांदा ओढताना ‘वेन्ट’. ‘सी’, ‘सॉ’. ‘ब्रिंग’, ‘ब्रॉट’. शाळा सुटेपर्यंत जे डोक्यात शिरलं नाही, ते तू माझ्या दंडांत भरलंस. आपल्या गावात भूतकाळाची पडलीय कुणाला? आज येतो तोही ‘कम’, काल आला तोही ‘कम’. सगळ्या दोरांवर हुकूम चालवणारी आपली बेरिल म्हणाली, “माझी आजी जन्मभर ‘कम’च म्हणाली आणि सरळ स्वर्गात गेली. तुला कुठं जायचंय रे?” मी म्हणालो, यॉर्कला.

तू नाताळानंतर यायची थांबलीस, तेव्हापासून मी एकटाच पुटपुटायचो. वसंतात एका लग्नाच्या घंटा चालू असताना माझ्या तोंडून ‘स्टँड’ जरा मोठ्याने निघालं. तो तर बेरिलचा थांबण्याचा हुकूम! ‘स्टुड’ म्हणेपर्यंत सगळ्यांनी घंटा थांबवल्या होत्या. खाली नवरी दारात उभी, वर सगळे माझ्याकडे बघतायत. “गाढवा,” बेरिल ओरडली, “दुसरं क्रियापद नव्हतं का तुझ्याकडे?”

परीक्षेत माझे हात आपोआप वर गेले, दोर धरल्यासारखे. पहाऱ्यावरच्या बाई धावत आल्या. “काही हवंय का?” दोर हवा होता, पण मी मान हलवली आणि डोळे मिटून ओढत राहिलो. उत्तरं एकामागून एक येत गेली. मी प्रत्येक शब्द दोनदा तपासला. हे पत्रही तपासलंय.

तू का येत नाहीस, हे मनोऱ्यात कुणी विचारत नाही. तुझा दोर बेरिलने गुंडाळून खुंटीला लावलाय. सहाच्या पाच घंटा झाल्या. आता मी गेलो की चार. चारांवर लग्न वाजवणार नाही, कुलूप लावून किल्ली पाद्रीबाईंच्या हातात देईन, असं ती म्हणते, आणि ती म्हणते ते करते.

मी तिथे असल्यामुळे तू येत नव्हतीस. बरोबरच होतं ते. आपलं मोडल्यावर एका दोराच्या अंतरावर उभं राहून एकमेकांकडे न बघणं मलाही जमलं नसतं. पण माझी पाचवी घंटा तुला पहिल्यापासून हवी होती. तिचा दोर मी तुझ्या उंचीला जुळवून ठेवलाय, आणि तुझी उभं राहायची लाकडी पेटी त्याच्याखाली सरकवलीय. पत्र एवढ्यासाठीच. सराव नेहमीसारखा गुरुवारी. तू जा, हेटी. मी तिथे नसेन.

तुझाच,
नेड