पहिल्या नगावरचा श्री

धुळे, ४ ऑक्टोबर २०२५

चि. योगेंद्र यास नानांचे अनेक आशीर्वाद.

खंडेनवमीला तुझा जळगावचा कारखाना पाहिला. पुतण्या विमानाच्या इंजिनाचे भाग करतो म्हणून तुझी काकू गल्लीभर सांगते. मी पाहिलं ते एवढंच, की चांगला महागडा धातू किसून फेकायचा. टायटॅनियमचं ते ब्रॅकेट हातात घेतलं, त्यापेक्षा पापड बरा. वजन घटलं की विमान इंधन कमी पितं, हे तू तीनदा समजावलंस. बैल उपाशी ठेवला की कडबा वाचतो, हेही खरंच. आम्ही ओतलेले विहिरीचे पंप चाळीस वर्षं चालले ते जाडीवर.

तुम्ही प्रसाद वाटत होता तेव्हा घरच्या रिवाजाप्रमाणे पूजेतल्या पहिल्या नगावर मी छिन्नीने श्री काढला. निदान देव तरी त्याला सांभाळील.

लोभ वाढव, त्याला वजनाची अट लावू नकोस.

नाना (लीलाधर)

जळगाव, १३ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप नानांस साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र येण्याआधीच चाळीस नगांची पेटी बंगळुरूच्या इंजिन कंपनीकडे गेली होती. माल तपासणाऱ्या आमच्या अभिमनने श्री पाहिला होता. पण नानांनी काढलेला, त्याला चूक कसं म्हणायचं, म्हणून गप्प बसला. अशी माणसं घेऊन मी विमानाचं काम करतो.

पातळ भागावर घाव म्हणजे तिथूनच तडा, हे तिथल्या कारकुनालाही कळतं. आता पेटी अडकली आहे. घाव कोणी, कधी, का घातला हे त्या माणसाने सहीनिशी लिहून दिलं तर एकच नग बाद होईल. नाहीतर संशयाने सगळे जातील, आणि कामही. मजकूर तयार करून पाठवला आहे. सही तेवढी करा.

रागावलो असलो तरी तुमचाच,
योगेंद्र

धुळे, १७ ऑक्टोबर २०२५

चि. योगेंद्र यास आशीर्वाद.

सही केली. 'अनवधानाने घडले' हे तुझं वाक्य मात्र खोडलं. छिन्नी मी जाणूनबुजून मारली. भाग टिकेल असा भरवसा नव्हता, असं लिहिलं.

हसू नकोस. तुझं ब्रॅकेट मला अजूनही भिकार दिसतं. पण लिहिताना लाज वाटली. आपले पंप मजबुतीसाठी जाड, असं मी खानदेशभर सांगत फिरलो. खरं म्हणजे किती जाडी पुरेल, हे मला कधी हिशेबाने काढताच आलं नाही. म्हणून जास्त ओतायचो आणि वर श्री काढायचो. तुझ्या वडिलांना हे ठाऊक होतं. जन्मभर ते कुणाजवळ बोलले नाहीत.

तूही बोलू नकोस, एवढा लोभ असू दे.

नाना