पेट्रोल कॉकची जाळी

१ फेब्रु., रवि.
सकाळी सुनंदावहिनींचा फोन. दत्ताची बायको. तो डिसेंबरपासून अर्धांगाने खाटेवर. "भावजी, काल खाली कोणीतरी बुलेट चालू केल्यान, तर ह्येंनी मान वळवल्यानी. उजवीकडे. दीड महिन्यात पयल्यांदाच. आपली गाडी एकदा चालू कराल?"
आपली म्हणजे दत्ताची आणि माझी. पासष्ट सालची, इंग्लिश. ब्याण्णवमध्ये माझगावातून भंगार म्हणून उचललेली. तो टर्नर, त्याने उभी केली. मी पाना धरला. लालबागला त्याच्या चाळीच्या अंगणात असते.
गेलो. सहाव्या किकला लागली. दोन मिनिटं चालली, मग खोकत खोकत बंद. पेट्रोल उतरत नव्हतं. टाकी रिकामी करून कॉक, म्हणजे टाकीखालची पेट्रोलची तोटी, काढला. वरची जाळी, पितळेची, बोटभर उंच, फाटून चिंध्या झालेली. आत गंज.
वहिनी गॅलरीतून: "वर येवा, चाय घेवा."
"हात घाण आहेत. नंतर येतो."
हात धुवायला खाली नळ होता.

३ फेब्रु., मंगळ.
ऑफिसातून अडीचला सटकलो. ऑपेरा हाउसच्या मागची स्पेअरपार्टची लाइन. सहा दुकानं. कॉक खिशातून काढला की सगळे आधी हसतात. "इंच का आटा है साहब, अभी सब एमएम में आता है." शेवटच्या दुकानातल्या चाचांनी चष्मा लावून जाळी नीट बघितली.
"ये तो लालबाग के दत्ता का काम है. उसी के पास जाओ ना."
म्हटलं, तो आजारी आहे.
"तो ठीक होने दो."
शेवटी प्लास्टिकचा, आत कागदवाला फिल्टर घेतला, नळीच्या मधे बसणारा. गिरगावातून चालत सुटलो ते भायखळ्यापर्यंत. बसमध्ये बसवेना.

४ फेब्रु., बुध.
ऑफिसला उशिरा येतो म्हणून कळवलं. टाकी दोनदा धुतली, नवा फिल्टर लावला. गाडी लागली! पाच मिनिटं गोड आवाज. वर बघितलं नाही.
सहाव्या मिनिटाला धाप लागल्यासारखी करत बंद. कळायला हवं होतं. हिला पंप नाही, पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, कागद त्याला सोडतच नाही. दत्ताने एका ओळीत सांगितलं असतं.
वहिनी खाली आल्या. डोळे लाल. "मान वळवली त्येंनी. ऐकत होते. मग बंद पडली ना, तशे रडूक लागले. डॉक्टरांनी सांगल्यानी, डोक्यातला सगळा समजता, फक्त शब्द येत नाय." थांबल्या. "भावजी, आता पुरी दुरुस्त झाल्याशिवाय चालू करू नका."
बरोबर आहे. अर्धवट काही करायचं नाही.
वर गेलो नाही. आजही.

६ फेब्रु., शुक्र.
झोप नाही, भूक नाही. माझी बायको मेधा म्हणाली, "बस की जरा एका जागी. ताट समोर ठेवून काय फेऱ्या घालतोस?" मोबाइलवर परदेशातल्या एका दुकानात जाळी दिसली. यायला सहा आठवडे. सहा आठवडे!
दादरला शाळेजवळ चहाची गाळणी घेतली, बारीक जाळीची. कापून गुंडाळली. उसवली. मेधाने नवी गाळणी कापलेली बघितली, उरलेला दांडा कचऱ्यात टाकला.

८ फेब्रु., रवि.
चाचांनी पत्ता दिला होता म्हणून माझगाव. एक म्हातारे अंकल, चर्चच्या गल्लीत तळमजल्यावर राहतात, आमच्यासारखीच गाडी, चकाचक. जाळी शिल्लक असेल तर बघावं म्हणून गेलो. अंकलनी स्वतःच्या गाडीचा कॉक उघडून दाखवला.
"ये देखो, कितना सफाई. दत्ता बनाया. मेरा कंपनीवाला तो कब का सड़ गया."
शिल्लक नाही. आख्ख्या मुंबईत जिथे जावं तिथे दत्ताच बसलेला.
"कैसा है वो? बहोत दिन से दिखा नहीं."
सांगितलं. अंकल मटकन खुर्चीत बसले. "अरे. हॉस्पिटल लेट ले गए क्या? टाइम पे जाता तो..."
पुढचं ऐकलं नाही. निघालो. स्कूटरचं हेल्मेट त्यांच्याकडेच राहिलं.

१० फेब्रु., मंगळ.
लिहूनच टाकतो. इथे तरी.
११ डिसेंबर, गुरुवार. सकाळी सव्वानऊ. मी ऑफिसच्या लिफ्टसाठी उभा. दत्ताचा फोन. जीभ जड, शब्द एकमेकांवर चढलेले. "अवी, माका जरा..." मी म्हटलं, "सकाळी सकाळीच टाकलीस काय रे?" तिकडून घशातून काहीतरी आवाज. मला वाटलं हसला. "मीटिंग आहे, नंतर बोलतो," म्हणून ठेवला.
वहिनी कामावर होत्या. साडेबाराला घरी आल्या तेव्हा तो मोरीजवळ पडलेला.
सव्वातीन तास.
हॉस्पिटलात एकदाच गेलो. काचेतून बघून आलो. कोणाला सांगितलं नाही, मेधालाही नाही.

१३ फेब्रु., शुक्र.
रजा टाकली. दुपारी वर गेलो. दोन जिने, बावन्न पायऱ्या. कधी मोजल्या नव्हत्या.
दत्ता खाटेवर. किती बारीक झालाय. उजवा हात उशीवर, दुसऱ्या कोणाचा ठेवल्यासारखा. माझ्याकडे बघत राहिला. मी काहीतरी बडबडलो, पाण्याचं, पार्किंगचं. मग सुचेना म्हणून फाटकी जाळी काढून त्याच्या डाव्या हातात दिली.
अंगठा फिरवला तिच्यावर. दोनदा. मग कॉटखाली बोट. बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत पितळी जाळीचा तुकडा, बोटाएवढी गुळगुळीत सळी, सोल्डरची तार. या सळीवर जाळी गुंडाळायची, कडेला झाळायची. म्हणजे इतकी वर्षं आमची जाळी इथे, खाटेखाली. मी गावभर.
त्याने डाव्या हाताने सळी धरली, मी गुंडाळली. सोल्डरिंग गन वहिनींनी शेजारून आणून दिली. पहिली वाकडी. दत्ताने मान हलवली. दुसरी घट्ट झाली, सळीवरून निघेचना. तिसऱ्यांदा मी जाळी उलट्या बाजूने धरली.
"गाढवा!"
स्पष्ट. खणखणीत. वहिनी कणकेच्या हातांनी बाहेर आल्या. "काय बोललात? परत बोला!" दत्ताने तोंड उघडलं, पण शब्द गेला होता. तो हसायला लागला, अर्ध्या तोंडाने. मग तिघंही हसलो. वहिनी हसता हसता रडल्या.
फिजिओवाल्या मुलीला वहिनींनी फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, असं होतं, शिव्या आधी येतात. मी म्हटलं, शिव्या हव्या तेवढ्या देईल तो, मालवणचा आहे.
चौथी जाळी झाली.
माझ्याकडे बघत होता निघताना. काय बघत होता?

१५ फेब्रु., रवि.
वहिनी आणि शेजारचे नाईक, दोघांनी मिळून दत्ताला गॅलरीत खुर्चीवर बसवलं. मी खाली. दुसऱ्या किकला लागली. दहा मिनिटं, पंधरा, वीस. मी अंगणात दोन चकरा मारल्या. मुद्दाम रेस करून सोडली, तरी चुकली नाही. वर बघितलं. दत्ता मान उजवीकडे वाकवून ऐकतोय, डावा हात कठड्यावर. वर-खाली. आवाज बारीक कर म्हणत होता. मिक्स्चर जाड आहे, पेट्रोल जास्त जातंय. स्क्रू फिरवून कमी केलं.
चाळीतली माणसं टाळ्या वाजवत होती, मला लाज वाटत होती.
वहिनींनी जिन्यात गाठलं. हात धरले दोन्ही. "भावजी, तुमच्यामुळे झाला ह्या."
तुमच्यामुळे.
घरी येऊन आंघोळ केली. तासाभराने परत केली.

१६ फेब्रु., सोम.
मेधाला सांगितलं. तिने गॅस बंद केला. मग एवढंच, "सुनंदाला सांग. मला सांगून काय उपयोग?"

१७ फेब्रु., मंगळ.
गेलो. दुपार. दत्ता झोपलेला. वहिनी स्वयंपाकघरात बांगडे साफ करत होत्या. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. लिफ्ट, मीटिंग, मी काय बोललो ते. विळी थांबली नाही, हळू झाली.
"म्हायत हा माका," म्हणाल्या. "त्येंच्या फोनात शेवटचा नाव तुमचाच होता. सवानऊ."
"मग विचारलं का नाही?"
"काय बोलले असतले ता ऐकूचो धीर नाय झालो." हात धुतले, पदराला पुसले. माझ्यासमोर खाली बसल्या. "आता सांगा. कशे बोलले? जसे बोलले तशेच सांगा."
सांगितलं. अवी, माका जरा.
"परत."
परत सांगितलं, त्याच्यासारखी जीभ जड करून. तीनदा सांगायला लावलं. डोळे मिटून ऐकत होत्या. मग उठून परत विळीवर बसल्या. माफ केलं म्हणाल्या नाहीत. जावा म्हणाल्या नाहीत, बसा म्हणाल्या नाहीत.
निघालो. दत्ता जागा होता. आतलं बोलणं कॉटपर्यंत ऐकू येतं. डोळे माझ्यावर. मी त्याच्या डाव्या हाताला हात लावला. बोटं हलली, की मला तसं वाटलं, नाही सांगता येत.
खाली येऊन गाडीवर ताडपत्री घातली, दोरी बांधली. वर बघितलं. वहिनी गॅलरीत उभ्या. हाक मारली नाही. आतही गेल्या नाहीत.