लाल चौकड्यांचा शर्ट

७ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. प्रशिक्षणात सक्तीची आहे म्हणून नव्हे, मला स्वतःलाच लिहावंसं वाटलं. (सक्तीची आहे.)

तान्ह्या बाळांच्या घरी जाऊन आयांना मदत करणाऱ्या मुलींचा वरिष्ठ व्हायचं, तर म्हणे आधी 'रिफ्लेक्टिव्ह सुपरव्हिजन' शिकावं लागतं. म्हणजे उपदेश करायचा नाही. दर गुरुवारी एक तास दार लावून हाताखालच्या माणसाजवळ बसायचं, तुला काय वाटलं ते विचारायचं आणि गप्प राहायचं. यात शिकण्यासारखं काय आहे? जन्मभर मी हेच करत आलोय. लॉरेनला म्हटलं, माझी बायको म्हणून तुला अनुभव असेलच. ती इतकी हसली की तिला खुर्चीवर बसावं लागलं.

१४ सप्टेंबर, रविवार

आमची मुलगी मार्सी, जावई आणि नात एल्सी आज ॲरिझोनाला गेले. जावयाची नोकरी. एल्सी नऊ महिन्यांची. मार्सी कामावर जायला लागल्यापासून दिवसभर आमच्याकडेच असायची. संध्याकाळी मी घरी आलो की माझ्या खांद्यावर.

लॉरेन कालपासून रडतेय. मी शांत आहे. घरात कुणीतरी शांत लागतं.

ती म्हणत होती, रॉय, बाळाबरोबर आपला एखादा न धुतलेला कपडा देऊ या. म्हटलं, अगं, तो सल्ला मी घर बदलणाऱ्या अनाथ बाळांसाठी देतो, ओळखीचा वास सोबत राहावा म्हणून. आपली एल्सी काय अनाथ आहे? मी कापसाचा मूस आणला होता, ते रुंद शिंगांचं थोराड हरीण, दुकानातला सगळ्यात मोठा. तो गाडीत मावला नाही. आता आमच्या सोफ्यावर बसलाय.

ख्रिसमसला जायचंच आहे. मग रडायचं काय त्यात!

१६ सप्टेंबर

लाल चौकड्यांचा फ्लॅनेलचा शर्ट सापडत नाही. एल्सीने चघळून चघळून कॉलरची पार वाट लावली होती, पण आमच्याकडच्या थंडीत त्याला तोड नाही. लॉरेनला विचारलं. म्हणाली, मी काय तुझ्या शर्टांची राखणदार आहे?

२ ऑक्टोबर

जनेलबरोबर पहिला तास. नवी मुलगी, हुशार, जरा हळवी. दार बंद, फोन बंद. ती सांगत होती की बेव्ह नावाच्या एका बाईने कोर्टाच्या हुकमाने आलेलं बाळ पाच महिने सांभाळलंय, आणि आता ते विस्कॉन्सिनला त्याच्या मावशीकडे जाणार आहे. सांगता सांगता जनेल गप्प झाली. अशा वेळी आपण गप्प राहायचं असतं. राहिलो. मग खिशातून मिंटची गोळी काढून तिला दिली. ती नको म्हणाली. मी म्हटलं, बिनसाखरेची आहे. तिने विषय बदलला.

एकंदरीत उत्तम.

९ ऑक्टोबर

आम्हाला शिकवणाऱ्या ओडेसाबाईंचा डेट्रॉइटहून फोन. गोळीचं सांगितलं. त्यांनी विचारलं, रॉय, गोळी नक्की कुणाला हवी होती?

जनेलला. आणखी कुणाला?

२ नोव्हेंबर, रविवार

रविवारी चार वाजता एल्सीचा व्हिडिओ कॉल असतो. नेमका तोच माझा प्रशिक्षणाच्या वाचनाचा वेळ. लॉरेनला म्हटलं, तू बोल, माझा पापा दे. बाळाशी एकदा नातं जडलं की ते फोनवर अवलंबून राहत नाही.

मागे एकदा बघितलं होतं मी. लॉरेनला बघून एल्सी तिकडून स्क्रीन चाटत होती. नंतर माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. हीटरची धूळ असणार. फिल्टर बदलायला हवा.

९ नोव्हेंबर

फिल्टर बदलला. काही फरक नाही.

२० नोव्हेंबर

बेव्हचं बाळ गेलं. बेव्हने आपला अंगातला स्वेटर काढून त्याच्याभोवती गुंडाळून दिला, हे सांगताना जनेल ढसाढसा रडायला लागली. मी तिला समजावलं की बाळ नातेवाइकांकडे सुरक्षित आहे आणि आपलं उद्दिष्ट तेच असतं. शिवाय झोप नीट लागावी म्हणून दोन-चार उपाय सांगितले. तिने नाक पुसलं आणि विचारलं, रॉय, तुमची नात गेली तेव्हा तुम्हाला काय वाटलं होतं?

म्हटलं, हा तास तुझा आहे, माझा नाही. नियमच आहे तसा.

२१ डिसेंबर

ख्रिसमसला ॲरिझोना रद्द. पंचवीस तारखेला गुरुवार येतोय. ठरलेला तास कधीही चुकवायचा नाही, ओडेसाबाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय.

लॉरेन म्हणाली, अरे, जनेल स्वतः सुट्टीवर आहे.

ते मला माहीत आहे. पण तास तो तास. लॉरेन एकटी गेली. जाताना मूसच्या डोक्यावर थोपटून गेली.

२५ डिसेंबर

रस्त्यावर कमरेइतका बर्फ. तरी ऑफिसला पोचलो, दार लावलं, तासभर बसलो. समोरची खुर्ची रिकामी. गप्प राहणं आज चांगलं जमलं.

गोळ्या संपल्या.

१५ जानेवारी

जनेलने दुसरा सुपरव्हायझर मागून घेतला. मला स्वतः येऊन सांगितलं, माझ्या पाठीमागे नाही, हे तिचं चांगलं. म्हणाली, तुम्ही मनाने चांगले आहात हो, पण मी रडायला लागले की तुम्ही दाराकडे बघता. मला वाटतं, आता हे उठून जाणार.

ओडेसाबाईंना फोन केला. त्या गप्प. मीही गप्प. मग त्या म्हणाल्या, नातीला जाऊन भेटा. म्हणजे सरळ सरळ उपदेश! इतरांना नियम शिकवायचे आणि स्वतः मोडायचे. बोलून दाखवलं नाही.

दोघांची मार्चची तिकिटं काढली.

६ मार्च

बॅग भरली. निळा शर्ट नवाकोरा घेतला, लाल काही सापडला नाही. आफ्टरशेव्हही नवं. एल्सी आता चालते म्हणे. बेत पक्का आहे. तिला उचलायची घाई करायची नाही. जमिनीवर बसायचं आणि तिला येऊ द्यायचं. ती धावतच येईल.

मूस विमानात चालत नाही. विचारून घेतलं.

७ मार्च, मार्सीचं घर

जमिनीवर बसलो. हात पसरले. एल्सी मार्सीच्या पायांमागून माझ्याकडे बघत राहिली. मग खालचा ओठ बाहेर आला, आणि तिने जे भोकाड पसरलं! मी जरा पुढे सरकलो तर किंचाळली आणि धावत जाऊन लॉरेनच्या कडेवर चढली.

मार्सी बिचारी ओशाळली. म्हणाली, डॅड, मनावर घेऊ नकोस.

मी तिला समजावलं की हे उत्तम लक्षण आहे. परक्याला बघून बाळ रडलं म्हणजे आपली माणसं कोण हे त्याला पक्कं ठाऊक आहे. किती आयांना मी हे सांगितलं असेल. पण 'परक्याला' म्हणताना आवाज बसला, पुन्हा म्हणावं लागलं. तिचं अभिनंदनही केलं.

रडं थांबेना. तेव्हा मार्सीने आतून एक बोळा आणून एल्सीच्या हातात दिला. लाल चौकड्या. एल्सीने कॉलर तोंडात घातली, शर्टात नाक खुपसलं आणि शांत झाली. मार्सी म्हणाली, मॉमने निघताना बॅगेत घातला होता. हिला त्याशिवाय झोपच येत नाही. धुऊसुद्धा देत नाही ती.

म्हणजे इतके महिने मी रोज तिच्याजवळ होतो. आज आलो तो दुसराच कुणीतरी, दुकानाचा वास येणारा.

मार्सी एल्सीला घेऊन आत गेली. लॉरेन माझ्याजवळ जमिनीवर येऊन बसली. मला वाटलं, आता म्हणेल, सांगत होते ना. म्हणाली नाही. काहीच म्हणाली नाही. मी दाराकडे बघितलं, पण उठलो नाही. खिशात गोळ्या होत्या, त्याही काढल्या नाहीत.

मग रडलो. या घरात हीटर नाही.

शर्ट परत मागितला नाही.